तीन मिनिटं झाली, वाढवायची का?

माझ्या आत्याने आयुष्यभर दोनच गोष्टींचा तोरा मिरवला. एक तिचा उजवा-डावा न करता सगळं टिपणारा कान आणि दुसरी तिची जीभ. पैकी कानाने गेल्या वर्षी दगा दिला. जीभ अजून शाबूत आहे, याची साक्ष आमच्या घरातलं कुणीही देईल, फक्त तिच्यासमोर देणार नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय एकाहत्तर, लग्न केलं नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. खिडकीखाली रस्ता आणि रस्त्यापलीकडे लाँड्री. एकोणिसाव्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. त्या काळी परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजमधल्या बाईला सांगावं लागे. ती दोरीच्या टोकाची पिन समोरच्या पाटीवरच्या भोकात खुपसून तुमची लाइन जोडून देई, आणि वेळ संपली की मध्येच येऊन विचारी, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" आत्याने हे वाक्य सतरा वर्षं, दिवसातून दीडशे-दोनशे वेळा म्हटलं. त्यामुळे ते तिच्या अंगातून कधी गेलंच नाही. लहानपणी मी न्हाणीघरात रेंगाळले की ती दारावर टकटक करून हेच विचारायची. वडील रागाने बोलायला लागले की घड्याळात बघून तिसऱ्या मिनिटाला हेच विचारायची, आणि वडील "नाही" म्हणून गप्प बसायचे.

एक्स्चेंजमध्ये माणसाला नाव नसे, जागेचा नंबर असे. पर्यवेक्षक बाई मऊ सपाता घालून पाठीमागून फिरत आणि तारेवर कुणी नाव सांगितलं तर नेमकं पकडत. आत्या सात नंबर होती. दुसऱ्या शहरात, त्याच तारेच्या पलीकडच्या टोकाला, बारा नंबर बसायची. अकरा वर्षं या दोघी रोज बोलल्या. दोन कॉलच्या मध्ये जेमतेम दहा सेकंद मिळत, म्हणून त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी चाले. सकाळी बारा म्हणायची, "आज नवीन चप्पल," आणि "चावतेय" हा शब्द दुपारी यायचा. बाराचे वडील आजारी पडले तेव्हा आत्याने मिनिटभर लाइन मोकळी धरून तिला रडू दिलं आणि त्याबद्दल लेखी ताकीद घेतली. ती ताकीद तिने अजून जपून ठेवली आहे. आम्ही बक्षिसाची प्रमाणपत्रं ठेवतो तशी. बारा हसायच्या आधी दोनदा घसा खाकरायची, जणू हसायची परवानगी मागून घेतेय. हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं मात्र नाही.

मग यंत्रं आली. लोक आपापले फोन आपणच लावणार होते. एका गुरुवारी दुपारी चार वाजता पाटी बंद व्हायची होती. चारला काही क्षण असताना बारा म्हणाली, "सात, ऐक, एक सांगायचं राहिलंय. माझं..." आणि लाइन गेली.

पस्तीस वर्षं आमच्या घरात हे "माझं" लोंबकळत होतं. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. आत्या मला "शुद्धलेखन" म्हणूनच हाक मारते. मी व्याकरणाच्या बळावर सांगितलं होतं की पुढचा शब्द नपुंसकलिंगी असणार. मग माझं लग्न, माझं घर, माझं पत्र, माझं मांजर, सगळं लावून झालं. वडिलांचं ठाम मत होतं की "माझं डोकं दुखतंय" असं ती म्हणणार होती, कारण आत्याशी अकरा वर्षं बोलल्यावर दुसरं काय होणार. आत्या या थट्टेत सामील व्हायची, पण विषय तीच पुन्हा काढायची. एकदा ती त्या शहरात जाऊनही आली. एक्स्चेंजच्या जागी चपलांचं दुकान निघालं होतं. कचेरीला पत्र लिहिलं तर उत्तर आलं की आसनक्रमांकाची नोंद ठेवलेली नाही.

गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. डावा कान संपलाच होता, सतरा वर्षं त्याच्यावरच फोन होता. उजवा वर्षभर टिकेल, फार तर थोडा जास्त, असं ते म्हणाले. कानाचं मशीन लावून पाहिलं, पण आत्याचं म्हणणं, त्यातून सगळी माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येतात. मी, दूधवाला आणि बातम्या देणारी बाई यांत फरक राहत नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "शुद्धलेखन, मला ती फोनवरची मंडळं शिकव, ज्यांत तुम्ही दिवसभर लोकांशी बोलत असता. सगळी नकोत. कोणतं कामाचं आहे ते बघून एकात नाव घालायचं."

तिला काय हवंय हे विचारायची गरज नव्हती. बाराचा चेहरा तिला माहीत नव्हता, नाव माहीत नव्हतं. ओळखायला फक्त आवाज होता, आणि तो ओळखणारा कान वर्षभराचा सोबती होता.

खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. मी स्वतः अशा सात मंडळांत आहे आणि एकाचंही मला धड सुख नाही. पण आत्याला "नाही" म्हणायला जी छाती लागते ती आमच्या घराण्यात कुणाला नाही. मी दर रविवारी दुपारी तिच्याकडे जायचं ठरवलं.

पहिल्याच रविवारी तिने हजेरीची एक जुनी वही काढून ठेवली होती. म्हणाली, एक्स्चेंजमध्ये नवीन मुलगी आली की तिला एकदम कायम करत नसत. आठवडाभर परीक्षेवर ठेवत आणि तीन गोष्टी बघत. ती दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकते का, चालू लाइन मध्येच तोडते का, आणि मागितलेलं माणूस शोधून देते का. याच कसोटीवर आता फोनवरच्या मुलींना घासायचं. मी म्हटलं, आत्या, त्या मुली नाहीत, कंपन्या आहेत. ती म्हणाली, कामाला आल्या की मुलीच.

पहिली आली ती निळी. नावाच्या चौकटीत आत्याने लिहिलं "सात नंबर", आणि निळीने उत्तर दिलं की कृपया आपलं खरं नाव लिहा. आत्या चिडली. खरं कोणतं हे ठरवणारी ही कोण, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी मी तिचं कागदोपत्री नाव घातलं आणि तासाभरात चाळीस नातेवाईक दारात उभे. त्यांत शिवणयंत्रावरून वीस वर्षं अबोला धरलेली एक मावसबहीणही होती. तिने फुलांचं चित्र पाठवलं. आत्याने त्याला उत्तर म्हणून शिवणयंत्राचं चित्र पाठवायला लावलं.

मग तिने सगळ्या जगासाठी एक ओळ लिहिली: "बारा नंबर, लाइनवर आहेस का? मी सात." दोन दिवसांत एकोणतीस उत्तरं आली. एका दुकानदाराने बारा नंबरचे पुरुषांचे बूट उपलब्ध असल्याचं कळवलं. एकाने विचारलं की ही कोणती यादी, आणि त्यात त्याचा बारावा नंबर असेल तर अकरा जण कोण. मावसबहिणीने माझ्या वडिलांना फोन करून हळू आवाजात विचारलं की ताई ठीक आहे ना. त्यात भर म्हणजे आत्या टेबलापाशी मला म्हणाली की गुडघा दुखतोय, आणि दुसऱ्या दिवशी निळीवर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती हजर झाल्या. आत्याचा चेहरा पर्यवेक्षक बाईंसारखा झाला. तिने वहीत लिहिलं: "निळी. चोरून ऐकते. काढली."

दुसरी नटवी. हिच्यावर नुसते फोटो आणि छोटे सिनेमे. एक बाई शर्टांना इस्त्री करताना दिसायची, बाकी काही नाही, कॉलर, बाही, पाठ, घडी. आत्या ते बघत बसली आणि दोनदा दूध उतू गेलं. मी विचारलं, खिडकीतून समोरची लाँड्रीवाली हेच करताना फुकट दिसते, मग हे कशाला? आत्या म्हणाली, समोरचीला कळतं मी बघतेय ते. पण आठवडा संपला तेव्हा तिने स्वतःच मान हलवली. जिचा चेहरा ठाऊक नाही तिला चेहऱ्यांच्या बाजारात काय शोधायचं? वहीत लिहिलं: "नटवी. दिसायला छान, कामाला शून्य. दुधाची नासाडी."

तिसरीचं नाव तिने दोन तासांत ठेवलं, भांडकुदळ. तिथे कुणीतरी काहीतरी म्हणे आणि शंभर जण त्याच्या अंगावर धावून जात. कुणाचंच वाक्य पुरं होत नव्हतं. आत्याला राहवेना. तिने मध्ये पडून लिहिलं की लाइनवर गर्दी झाली आहे, कृपया एकेकाने बोलावं. त्याला एकशे बारा उत्तरं आली आणि त्यांतली शंभर मी तिला वाचून दाखवली नाहीत. उरलेली बारा वाचून तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "यांना घरी बोलायला कुणी नसणार." वहीत मात्र दयामाया नव्हती: "लाइन तोडते. काढली."

चौथी साहेबीण, नोकरीवाल्यांची. हिने अनुभव विचारला. आत्याने लिहिलं: "लोकांना जोडून देणे, सतरा वर्षं." आठवड्यात तीन कंपन्यांनी मुलाखतीला बोलावलं. त्यांतल्या एकीने तर मोठ्या पदाचं नाव कळवलं, जे आत्याला उच्चारता आलं नाही आणि मला समजलं नाही. त्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला, तर तिने अदबीने विचारलं की फोन कानाला लावायचा तो डाव्या की उजव्या, कारण डावा आता चालत नाही. साहेबांनी कळवतो म्हणून ठेवला. आत्या दोन दिवस हसत होती. मीही हसले, पण घरी येताना मनात हिशोब करत होते की चार आठवडे गेले आणि हाती काही लागलं नाही.

पाचव्या रविवारी मी गेले तेव्हा दार उघडायला तिला वेळ लागला. मी तीनदा घंटी वाजवली होती. आत कपाटावर डॉक्टरांचा नवा कागद होता. त्यावरच्या आलेखात उजव्या कानाची रेघ अपेक्षेपेक्षा लवकर खाली आली होती. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की माझी जीभ घसरते, हा आमच्या घराण्याचा दोष आहे. मी म्हटलं की पुरे झालं आता. नाव नाही, चेहरा नाही, आणि इतक्या वर्षांनी ती बाई हयात तरी आहे की नाही कुणाला माहीत.

बोलून गेले आणि मला माझीच लाज वाटली. आत्या चहाचे कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "आहे. मेलेल्या लाइनचा आवाज वेगळा असतो. मला येतो तो ओळखायला."

मी तिच्या हातातून कप घेतले. त्या दिवशी वही उघडली नाही. इस्त्रीला टाकलेले कपडे आणायला दोघी समोर लाँड्रीत गेलो, आणि जे चार आठवडे फोनमध्ये सापडलं नाही ते तिथे, गरम कपड्यांच्या वासात सापडलं. लाँड्रीवाली इस्त्री फिरवता फिरवता कुणाशीतरी बोलत होती, पण दुकानात दुसरं कुणी नव्हतं. फोन खिळ्याला टांगलेला. आत्याने विचारलं कोणाशी, तर ती म्हणाली की माहीत नाही, पण चांगली माणसं आहेत. तिचे हात दिवसभर गुंतलेले, म्हणून तिने एक असं मंडळ धरलं होतं जिथे लिहायचं नाही, फोटो लावायचा नाही, फक्त बोलायचं आणि ऐकायचं. निरनिराळ्या खोल्या, वाटेल त्या खोलीत शिरावं. ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून बरं होतं.

मला हसू आलं. नटवीवर इस्त्री बघत आत्याने दूध घालवलं आणि खरी इस्त्रीवाली खिडकीसमोर वाट दाखवायला उभी होती.

या पाचवीचं नाव आत्याने बोलकी ठेवलं. नावाच्या चौकटीत "सात नंबर" लिहिलं आणि बोलकीने एका शब्दाने हरकत घेतली नाही. तिथेच निम्मी परीक्षा पास झाली. आम्ही पहिल्या खोलीत शिरलो तर आठ जण एकदम बोलत होते. आत्या उजवा कान फोनला चिकटवून दोन मिनिटं ऐकत राहिली. मग पाठ ताठ केली, गळा साफ केला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. घरातला नव्हता तो. न ओरडता भिंतीपलीकडे जाणारा, नोकरीतला आवाज होता.

"थांबा सगळे. लाइन एक आहे आणि बोलणारे आठ. मी नंबर देते, त्या क्रमाने बोला."

आणि सगळे थांबले. मला वाटलं आता हिला शिव्या बसणार. त्याऐवजी एका ट्रकवाल्याने नम्रपणे विचारलं की बाई, माझा नंबर कितवा. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळाली. तीन मिनिटं झाली की आत्या विचारी, वाढवायची का, आणि बहुतेक जण नको म्हणत, कारण माणसाला खरं सांगायचं असतं ते तीन मिनिटांत बसतं, हे त्यांचं त्यांनाच कळून यायचं. फक्त एक निवृत्त गणिताचे मास्तर दर वेळी वाढवून घ्यायचे.

दोन महिन्यांत रविवारी तीनची ती खोली भरायला लागली. ट्रकवाला यायचा, एक नर्स यायची, लाँड्रीवाली इस्त्रीचा फसफस आवाज करत ऐकायची. चाळीस-पन्नास माणसं, सगळी नंबराने ओळखली जाणारी. अकरा नंबर दिला की आत्या पुढच्याला तेरा द्यायची. मास्तरांनी हरकत घेतली की मोजणीत चूक आहे. मुद्रितशोधक म्हणून मलाही ती चूक खुपत होती. आत्याने मास्तरांना शांतपणे सांगितलं, "ती जागा भरलेली आहे. बाई अजून कामावर यायच्यात."

दर रविवारी सुरुवातीला ती एकदा हाक द्यायची: बारा नंबर, सात बोलतेय. मग चार-पाच क्षण थांबून पुढे जायची. ते चार-पाच क्षण मला फार जड जायचे. कारण दर आठवड्याला ती फोनचा आवाज एकेक घर वाढवत होती, आणि एके दिवशी वाढवायला घर उरलं नाही. मग ती मला शेजारी बसवून घ्यायला लागली. न कळलेलं मी तिच्या कानाशी पुन्हा म्हणायचं.

त्या रविवारी एक नवी मुलगी खोलीत आली होती. आवाजावरून तिशी-बत्तिशीची. तिला एकेचाळीस नंबर मिळाला. ती कचेरीतल्या कटकटींबद्दल सांगत होती, तीन मिनिटं झाली, आत्याने नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि मुलगी हसायला लागली. म्हणाली, माझी आई आम्हाला अंघोळीला पाठवून दाराबाहेरून अगदी हेच विचारायची, अगदी याच सुरात.

मी हे आत्याच्या कानाशी म्हटलं. आत्या भुलली नाही. ती म्हणाली की तशा शेकडो बाया होत्या, सगळ्यांचा सूर एकच घोटून घेतलेला असायचा. आईचा नंबर विचार. मुलगी म्हणाली, फोन नंबर? आत्या म्हणाली, बसायच्या जागेचा. मुलगी म्हणाली थांबा, आई आतच आहे, विचारते. मग पावलांचा आवाज, दाराचा आवाज, लांबवर काहीतरी कुजबुज. मला त्यात काहीच उमगलं नाही. मी कानांनी ठणठणीत आहे, आणि मी सांगते, मला काहीच उमगलं नाही.

आत्याने माझं मनगट पकडलं.

"खाकरली," ती म्हणाली. "दोनदा."

आणि मग, लांबून, मला हसू ऐकू आलं.

पुढचं थोडा वेळ नीट सांगता यायचं नाही. फोन तिकडे हातातून हातात गेला असावा. एक म्हातारा आवाज, थोडा चिरकलेला, अगदी जवळ येऊन म्हणाला, "सात?"

"बारा, लाइनवर राहा," आत्या म्हणाली. नेहमीसारखंच म्हणाली, पण माझं मनगट अजून तिच्या मुठीत होतं. "पस्तीस वर्षं झाली. तू 'माझं' म्हणालीस आणि लाइन गेली. माझं काय?"

खोलीतली पंचेचाळीस माणसं ऐकत होती. मास्तरांनीसुद्धा मध्ये हरकत घेतली नाही.

"माझं नाव," बारा म्हणाली. "शेवटचा दिवस होता. म्हटलं, आता कोण पकडतंय. नाव सांगणार होते तुला."

मी मुद्रितशोधक. भाषेतल्या नपुंसकलिंगी शब्दांची यादी पस्तीस वर्षं उलटीसुलटी केली आणि त्यातला सगळ्यात साधा शब्द मला सुचला नाही. आत्यालाही नाही. नाव सांगायचं नसतं, हा नियम तिच्या इतका अंगात मुरला होता की नाव ही सांगण्यासारखी वस्तू आहे हेच ती विसरली होती.

"मग सांग," आत्या म्हणाली.

बाराने सांगितलं. आत्याला नीट ऐकू आलं नाही. मी तिच्या कानाशी म्हणायला वाकले तर तिने मला हाताने थोपवलं. तिला ते माझ्या आवाजात नको होतं. तिने पुन्हा सांगायला लावलं, आणि बाराने अक्षर अक्षर सुटं करून, प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द देत सांगितलं, जशा त्या दोघी एकेकाळी गिऱ्हाइकांची अवघड नावं तारेवरून पोचवायच्या. आत्याने वही ओढली आणि एकेक अक्षर लिहून घेतलं. शेवटच्या अक्षराची वेलांटी तिने चुकवली. दीर्घ हवी तिथे ऱ्हस्व काढली. माझ्या हातात पेन्सिल होती. मी ती टेबलावर ठेवून दिली.

मग बाराने आत्याला तिचं नाव विचारलं. आत्याने सांगितलं, पूर्ण, आडनावासकट, शाळेत हजेरी द्यावी तसं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. बारा म्हणाली की नाव छान आहे, पण ती आता सातच म्हणणार. आत्या म्हणाली, आता बदलायला कुणाला वेळ आहे. चप्पल चावायची थांबली का, ते सांग. तिकडे दोनदा घसा खाकरला गेला.

मी घड्याळाकडे पाहिलं, आत्याने पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिने पाहिलं नसावं. शेवटी खोलीतल्या कुणीतरी, मला वाटतं ट्रकवाल्याने, अगदी हळू विचारलं, "सात नंबर, तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

"वाढवा," दोघी एकदम म्हणाल्या.

त्यांनी ती किती वेळा वाढवली ते मी मोजलं नाही. लाँड्रीचं शटर खाली आलं तेव्हा त्यांचं बोलणं बाराच्या मांजरावर आलं होतं. म्हणजे मांजरही होतंच, माझं अनुमान अगदीच वाया गेलं नव्हतं. मी कप विसळून ठेवले, आत्याची वही मिटायला घेतली आणि शेवटचं पान पाहिलं. बोलकीच्या पुढे तिने बोलता बोलताच एक शब्द लिहिला होता. कायम. त्याच्यात एकही चूक नव्हती.

त्याखाली खोलीतल्या माणसांची यादी होती. अकरा आणि तेराच्या मध्ये तिने इतके दिवस कोरी ठेवलेली ओळ आता भरली होती.